गुडघा बदलण्याआधी हाडाची चौकशी करा

‘गुडघा बदलायचा आहे’ हे वाक्य आता आपल्या वस्त्यांमध्ये नवं राहिलेलं नाही. ज्यांनी तीस-तीस वर्षं धुणीभांडी केली, विटा वाहिल्या, रस्ते झाडले, शेतात वाकून खुरपलं, त्या आपल्या आया, मावश्या, आज्या साठीच्या आसपास गुडघ्यांनी जेरीस येतात. मग घरात सल्लामसलत सुरू होते. बचत गटातून कर्ज काढायचं की दागिना मोडायचा, यावर बोलणं होतं. लोक माझ्याकडे येतात ते बहुधा दोनच प्रश्न घेऊन. खर्च किती येईल? आणि कोणत्या कंपनीचा गुडघा चांगला?

तिसरा प्रश्न क्वचितच कुणी विचारतं. ज्या हाडात हा गुडघा बसवायचा, ते हाड कसं आहे? भिंत भुसभुशीत असेल तर खिळा कितीही भारी आणला तरी तो धरत नाही. गुडघ्याचंही तसंच आहे. म्हणून हा पाठ त्या तिसऱ्या प्रश्नाचा. घरात पन्नाशी ओलांडलेली बाई असेल, तर हे पान तिला वाचून दाखवा.

दोन आजार, दोन वेगळी नावं

आपण सगळ्याला मिळून ‘संधिवात’ म्हणतो किंवा ‘हाडं झिजली’ म्हणतो. त्यामुळे गोंधळ होतो. इथे दोन वेगळे आजार आहेत.

पहिला ऑस्टिओआर्थरायटिस, म्हणजे सांध्याची झीज. हाडांच्या टोकांवर जी गुळगुळीत कुर्चा असते, ती घासून जाते. हाडावर हाड घासतं. गुडघा दुखतो, सुजतो, कडकड वाजतो, पाय बाहेरच्या बाजूला धनुष्यासारखा वाकतो. गुडघा बदलतात तो बहुतेक वेळा या आजारासाठी.

दुसरा ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडांचा ठिसूळपणा. हाड आतून जाळीसारखं असतं. या आजारात ती जाळी विरळ होत जाते. हाड बाहेरून तसंच दिसतं, पण आतून पोकळ होतं. आणि हा आजार दुखत नाही. हाड मोडेपर्यंत कळतच नाही.

एकाच बाईला हे दोन्ही आजार असू शकतात. पहिला ओरडून सांगतो, दुसरा गप्प बसतो. आपण ओरडणाऱ्याकडे लक्ष देतो आणि गप्प बसलेल्याला विसरतो.

कुणाची हाडं ठिसूळ असू शकतात?

बाईची पाळी गेल्यावर शरीरातलं इस्ट्रोजेन कमी होतं आणि पुढची काही वर्षं हाडं वेगाने विरळ होतात. ज्यांची पाळी लवकर गेली, त्यांचं नुकसान लवकर सुरू होतं. तरुण वयात गर्भाशयाबरोबर अंडाशयही काढलं असेल तर तेच होतं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या ऑपरेशनांची चौकशी २०१९ मध्ये झाली, ते आपल्याला आठवत असेल. त्या बायकांच्या हाडांचा हिशेब पुढच्या वीस वर्षांत करावा लागणार आहे. आपल्या घरात कुणाचं असं ऑपरेशन झालं असेल, तर गुडघ्याच्या डॉक्टरांना ते आवर्जून सांगा.

याशिवाय:

• दमा, त्वचेचा आजार किंवा सांधेदुखी यासाठी बरेच महिने स्टेरॉइडच्या गोळ्या घेतल्या असतील तर. ‘चार दिवसांत गुडघे मोकळे’ करणाऱ्या पुड्या आणि गोळ्यांमध्ये पुष्कळदा स्टेरॉइड असतं. दुखणं थांबतं आणि हाड पोखरलं जातं.
• मशेरी, तंबाखू, विडी किंवा दारू असेल तर. मशेरी दातांना लावली तरी तंबाखू रक्तात जातेच.
• फिट्सच्या काही गोळ्या वर्षानुवर्षं चालू असतील, किंवा थायरॉइडचा त्रास असेल तर.
• वजन फार कमी असेल, जेवण तुटपुंजं असेल, अंगावर ऊन पडत नसेल तर. वस्तीतल्या अरुंद खोलीत दिवसभर शिवणकाम किंवा पॅकिंगचं काम करणाऱ्या बायकांना ऊन मिळतच नाही.
• आईचं किंवा वडिलांचं खुब्याचं हाड मोडलं असेल तर.

आणि सगळ्यात मोठी खूण ही: उभ्या उंचीवरून साधं पडल्यावर मनगट, खुबा किंवा मणका मोडला असेल, उंची दोन-तीन सेंटिमीटरने कमी झाली असेल, पाठीला पोक आलं असेल, तर हाड ठिसूळ आहे असं धरूनच पुढचं पाऊल टाकायचं. तरुण माणूस तसाच पडला तर त्याला खरचटतं. हाड मोडणं म्हणजे हाडाने दिलेली सूचना असते.

तपासणी कोणती?

साध्या एक्स-रेवर भरवसा ठेवू नका. हाडाचा सुमारे ३० टक्के भाग कमी होईपर्यंत एक्स-रेवर ठिसूळपणा नीट दिसत नाही. गुडघ्याचा एक्स-रे सांध्याची झीज दाखवतो, हाडाची ताकद मोजत नाही.

खरी तपासणी डेक्सा स्कॅन. आडवं झोपवून कंबरेचे मणके आणि खुबा यांची घनता मोजतात. सुई नाही, दुखत नाही, दहा-पंधरा मिनिटांचं काम. कागदावर ‘टी-स्कोअर’ नावाचा आकडा येतो. तो उणे १ किंवा त्याच्या वर असेल तर हाड ठीक. उणे १ आणि उणे २.५ यांच्या मधे असेल तर हाड विरळ होऊ लागलं आहे. उणे २.५ किंवा त्याहून खाली असेल तर ऑस्टिओपोरोसिस. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये ठरवलेलं हे माप आजही वापरतात.

वस्तीत कधी कधी ‘मोफत हाड तपासणी शिबिर’ लागतं. तिथे टाचेला छोटं यंत्र लावतात. ते ध्वनिलहरींचं यंत्र असतं. शंका घेण्यापुरतं ते ठीक, पण त्यावरून निदान होत नाही. त्या आकड्याने घाबरून शेजारच्या टेबलावरचा हजार रुपयांचा कॅल्शियमचा डबा घेऊ नका. तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जा.

डेक्साबरोबर रक्तातलं ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, मूत्रपिंडाची तपासणी आणि थायरॉइड बघून घ्यावं. गुडघा बदलणं ही अपेंडिक्ससारखी रात्री बारा वाजता करायची घाई नसते. ड जीवनसत्त्व भरून काढायला आणि हाडाचं औषध सुरू करायला दोन-तीन महिने थांबलं, तर बहुतेकांचं काही बिघडत नाही.

ऑपरेशन लागतंच का?

हाड ठिसूळ आहे म्हणून गुडघा बदलता येत नाही, असं नाही. अशा रुग्णांचे गुडघे बदलले जातात आणि त्या चालू-फिरू लागतात. पण आधी दोन गोष्टी तपासून घ्या.

एक. दुखणं वर्षानुवर्षं हळूहळू वाढलेलं आहे की अचानक आलं? ठिसूळ हाडाच्या बाईचा गुडघा एका दिवसात जोरात दुखू लागला, पाय टेकवेना, तर कुर्चेखालच्या हाडाला बारीक तडा गेलेला असू शकतो. तो साध्या एक्स-रेवर दिसेलच असं नाही, एमआरआयवर दिसतो. असा तडा विश्रांती, काठी आणि औषधांनी पुष्कळदा भरून येतो. तिथे घाईने गुडघा बदलायचं कारण नाही.

दोन. साधे उपाय मनापासून केले का? मांडीचे स्नायू बळकट करण्याचा व्यायाम, वजन जास्त असेल तर ते कमी करणं, दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात काठी धरणं, मांडी घालून आणि उकिडवं बसणं सोडणं. हे तीन महिने करूनही रात्री झोप लागत नसेल, संडासपर्यंत जाणं जड होत असेल, तर ऑपरेशनचा विचार योग्य आहे.

नवा गुडघा म्हणजे काय?

पुष्कळांना वाटतं की जुना गुडघा काढून फेकतात. तसं नाही. मांडीच्या हाडाचं खालचं टोक आणि नडगीच्या हाडाचं वरचं टोक यांचा साधारण एक सेंटिमीटरचा थर कापतात. मांडीच्या हाडावर धातूची टोपी बसवतात. नडगीवर धातूची थाळी बसवतात. दोन्हींच्या मधे टणक प्लास्टिकची गादी असते. ते प्लास्टिक म्हणजे पॉलिथिलीन. गरज असेल तर गुडघ्याच्या वाटीमागेही प्लास्टिकची चकती लावतात. टोपी बहुधा कोबाल्ट-क्रोमियमची, थाळी कोबाल्ट-क्रोमियमची किंवा टायटॅनियमची असते.

म्हणजे सगळा भार शेवटी आपल्याच हाडावर येतो. हाड ठिसूळ असेल तर तीन भीती असतात. ऑपरेशन करतानाच हाडाला तडा जाणं. पुढे थाळी हाडात खचणं किंवा सैल होणं. आणि पडल्यावर टोपीच्या अगदी वर मांडीचं हाड मोडणं. खालच्या सगळ्या निवडी या तीन भीती कमी करण्यासाठी आहेत.

ठिसूळ हाडात डॉक्टर काय निवडतात?

सिमेंटचा गुडघा. हे बांधकामाचं सिमेंट नव्हे. तो एक प्रकारचा वैद्यकीय राळेसारखा लगदा असतो. हाडाच्या जाळीत तो शिरतो आणि काही मिनिटांत घट्ट होतो. बिनसिमेंटच्या गुडघ्याचा पृष्ठभाग खडबडीत असतो आणि त्यात आपलं हाड वाढून शिरावं लागतं. त्याला काही आठवडे ते महिने लागतात आणि तोवर हाडाने तो घट्ट धरून ठेवावा लागतो. विरळ हाडाला हे जमेलच असं नाही. सिमेंटचा गुडघा पहिल्या दिवसापासून धरतो. म्हणून ठिसूळ हाडात साधारणपणे सिमेंटच पसंत करतात. ‘सिमेंटचा म्हणजे जुना, स्वस्तातला’ असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. हाड नीट धुऊन, कोरडं करून सिमेंट भरणं, यातच सर्जनचं कौशल्य आहे.

थाळीला दांडा. नडगीचं वरचं हाड फार मऊ असेल तर थाळीखाली लांब दांडा जोडतात. तंबूचा खांब जमिनीत खोल गेला की भार पसरतो, तसा हा दांडा भार खालच्या मजबूत हाडाकडे नेतो. तो प्रत्येकाला लागत नाही. वजन जास्त, हाड फार मऊ, किंवा पाय फार वाकलेला असेल तर उपयोगी पडतो. त्याचा खर्च वेगळा असू शकतो, म्हणून आधी विचारावं.

कमीत कमी अडकवलेला गुडघा. आपल्या गुडघ्यात मागच्या बाजूला एक मजबूत दोरी असते. काही गुडघे ती दोरी राखून बसवतात. काही गुडघ्यांत ती काढून तिचं काम प्लास्टिकच्या खुंटीला देतात, आणि त्यासाठी मांडीच्या हाडाच्या मधोमध चौकोनी खाच घ्यावी लागते. ठिसूळ हाडात ती खाच घेताना जपावं लागतं. दोन्ही प्रकार चांगले चालतात. दोऱ्या फारच सैल असतील तर बिजागरीसारखे अडकवलेले गुडघे लागतात, पण ते जितके जास्त अडकवलेले, तितका ताण हाड आणि सिमेंटच्या जोडावर जास्त. म्हणून नियम सोपा: लागेल तितकंच अडकवायचं.

अर्धा गुडघा. फक्त आतली बाजू झिजली असेल तर तेवढीच बदलतात. चिरा लहान, रक्त कमी जातं. पण थाळी लहान असल्याने थोड्या हाडावर जास्त भार येतो. फार ठिसूळ हाडात नडगीचा आतला भाग मोडण्याची भीती असते. हा प्रस्ताव आला तर डेक्साचा कागद डॉक्टरांपुढे ठेवूनच बोला.

हलका हात. मांडीच्या हाडाचा पुढचा भाग कापताना पात्याची खाच पडली, तर पुढे त्याच जागी हाड मोडण्याचा धोका वाढतो. ठोकताना, वाकवताना जोर बेताचाच हवा. हे आपल्या हातात नसतं. पण ‘हाड ठिसूळ असलेल्या रुग्णांची ऑपरेशनं आपण करता का?’ एवढं नम्रपणे विचारणं आपल्या हातात आहे.

जाहिरातीतले गुडघे

सोनेरी गुडघा: त्यात सोनं नसतं. धातूवर टायटॅनियमच्या संयुगाचा पातळ सोनेरी लेप असतो. निकेलसारख्या धातूची ॲलर्जी असणाऱ्यांसाठी त्याचा विचार होतो. हाड मजबूत करण्याशी त्याचा संबंध नाही.

जास्त वाकणारा गुडघा: ‘मांडी घालून बसता येईल’ असं सांगून विकतात. अशा काही रचनांमध्ये मांडीच्या हाडाचा मागचा थर जास्त कापावा लागतो. ठिसूळ हाडात आहे ते हाड राखणं महत्त्वाचं. गुडघा किती वाकेल हे बरंचसं ऑपरेशनआधी तो किती वाकत होता आणि नंतर व्यायाम किती केला, यावर ठरतं.

रोबोट: माप अचूक घेण्यासाठी तो सर्जनला मदत करतो. त्यासाठी हाडात तात्पुरत्या पिना घालतात. क्वचित ठिसूळ हाड त्या भोकांतून मोडतं. रोबोट वाईट नाही, पण तो हाड बळकट करत नाही. त्याच्यासाठी कर्ज काढायच्या आधी तेच पैसे हाडाच्या औषधाला आणि घरातल्या सोयींना लागणार आहेत का, हे बघा.

आमच्या शेजारच्या वस्तीतल्या एका मावशीची गोष्ट सांगते. पतपेढीचं कर्ज काढून त्यांनी भारी गुडघा बसवला. तीन वर्षांपूर्वी अंगणात पडून त्यांचं मनगट मोडलं होतं. ते ना कुणी विचारलं, ना घरच्यांनी सांगितलं. डेक्सा झाला नाही, हाडाचं औषध मिळालं नाही. वर्षभर त्या छान चालल्या. मग सार्वजनिक संडासच्या ओल्या पायरीवरून घसरल्या आणि टोपीच्या वर मांडीचं हाड मोडलं. पट्टी आणि स्क्रू लावण्याचं दुसरं ऑपरेशन झालं, चार महिने अंथरूण धरलं, सुनेची नोकरी सुटली. गुडघा शेवटपर्यंत शाबूत होता. मोडलं ते हाड.

हाडाचं औषध गुडघ्याइतकंच महत्त्वाचं

गुडघा बसवल्यावर पहिल्या वर्षात धातूच्या आसपासचं हाड आणखी विरळ होतं. कारण जो भार हाडावर यायचा तो धातू उचलतो आणि काम नसलेलं हाड सुस्तावतं. म्हणून ऑस्टिओपोरोसिसचं औषध ऑपरेशन झालं की बंद करायचं नसतं.

• ॲलेंड्रोनेट ७० मिलिग्रॅम: आठवड्यातून एकदा. सकाळी उपाशीपोटी पेलाभर साध्या पाण्याबरोबर. नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही आणि चहासुद्धा घ्यायचा नाही. नाहीतर अन्ननलिकेला जखम होते. जेनेरिक गोळी स्वस्त पडते.
• झोलेड्रॉनिक ॲसिड ५ मिलिग्रॅम: वर्षातून एकदा सलाइनमधून. मूत्रपिंड अधू असेल तर देत नाहीत.
• डेनोसुमॅब ६० मिलिग्रॅम: सहा महिन्यांनी एकदा इंजेक्शन. हे मधेच सोडलं तर मणके मोडण्याचा धोका उसळून वर येतो. पुढच्या इंजेक्शनच्या पैशांची सोय नसेल तर सुरू करण्याआधीच डॉक्टरांना स्पष्ट सांगा.
• टेरिपॅराटाइड: रोजचं इंजेक्शन, नवं हाड तयार करणारं. महाग आहे आणि जास्तीत जास्त दोन वर्षं देतात. फार वाईट हाडांसाठी.

यातलं कोणतं औषध, ते डॉक्टर ठरवतील. सलाइन किंवा इंजेक्शनआधी ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम भरून काढावं लागतं. किडके दात काढायचे असतील तर तेही आधी उरकावं, कारण या औषधांनंतर क्वचित जबड्याच्या हाडाला त्रास होतो. वर्षानुवर्षं औषध घेताना मांडीत नवं दुखणं सुरू झालं तर ते अंगावर काढू नका, दाखवा.

पाळी गेलेल्या बाईला दिवसाला साधारण १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. १०० ग्रॅम नाचणीच्या पिठात सुमारे ३५० मिलिग्रॅम असतं, मोठ्या पेलाभर दुधात सुमारे २४०. तीळ, राजगिरा, हिरव्या पालेभाज्या, काट्यासकट खाल्लेली सुकट आणि जवळा हे आपल्या ताटातलंच कॅल्शियम आहे. डाळ, अंडी, मासे, मटण यातलं प्रथिनही हाडाला हवंच. कमी पडेल तेवढीच गोळी. ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी आठवड्यातून एकदा, सांगितलेले आठवडेच घ्यायची. ‘बरं वाटतं’ म्हणून रोज घेतली तर विषबाधा होते.

घरी आल्यावर

पहिल्या-दुसऱ्या दिवशीच वॉकर घेऊन चालवतात. घाबरू नका. पोटरीत दुखून सूज आली, धाप लागली, जखमेतून पाणी आलं किंवा ताप आला तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

मालिश करणाऱ्याकडून किंवा हाडवैद्याकडून गुडघा ओढून वाकवून घेऊ नका. ठिसूळ हाड त्या एका झटक्यात टोपीच्या वर मोडू शकतं. वाकवायचा तो आपल्याच ताकदीने, फिजिओथेरपिस्टने शिकवल्याप्रमाणे, रोज थोडा थोडा.

जमिनीवर बसणं-उठणं टाळा. विहारात वंदनेला खुर्ची घेऊन बसण्यात कसलाही कमीपणा नाही. विहार समितीने मागच्या रांगेत चार-पाच खुर्च्या कायम ठेवाव्यात.

आता पडण्याबद्दल. ठिसूळ हाड आणि नवा गुडघा असलेल्या माणसाने पडायचं नाही, हेच निम्मं औषध.

• घरात: पलंग किंवा बाज. रात्रभर एक छोटा दिवा. दारात आणि मोरीत धरायला कडी किंवा पाइप. पायात मागे पट्टा असलेली चप्पल. उंबऱ्याजवळचं फाटकं पायपुसणं काढून टाका. पोटमाळ्याची शिडी आता दुसऱ्याने चढायची.
• संडास: घरात असेल तर कमोडची खुर्ची ठेवा. सार्वजनिक असेल तर काही आठवडे रात्री घरातच कमोड खुर्चीची सोय करा.
• डोळे तपासा. मोतीबिंदू असेल तर काढून घ्या. झोपेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्यांनी चक्कर येते का, तेही सांगा.
• वस्तीत: सार्वजनिक संडासात कठडा, दिवा आणि किमान एक बसायचं भांडं असावं, गटारावरच्या फुटक्या फरशा बदलाव्यात, यासाठी वॉर्ड ऑफिसला सह्यांचा अर्ज द्या आणि पोचपावती घ्या. एका ओल्या पायरीवर किती बायकांची हाडं मोडतात, हा प्रश्न एका घराचा नाही.

पैसा आणि हक्क

केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने १६ ऑगस्ट २०१७ रोजी गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतीवर कमाल मर्यादा घातली. त्या वेळी नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियम गुडघ्याची मर्यादा ५४,७२० रुपये आणि टायटॅनियम किंवा ऑक्सिडाइज्ड झिर्कोनियमच्या गुडघ्याची ७६,६०० रुपये होती, कर वेगळा. पुढे या मर्यादांमध्ये बदल झाले, म्हणून आजचा आकडा रुग्णालयाला विचारा. मर्यादा फक्त इम्प्लांटची आहे. खोली, सर्जन, भूल, तपासण्या यांचा खर्च वेगळा लागतो. बिलावर इम्प्लांटची किंमत वेगळी, कंपनीचं नाव आणि बॅच नंबरसह लिहिलेली हवी. त्याचे स्टिकर डिस्चार्ज कार्डावर लावून घ्या आणि कार्ड जपून ठेवा. उद्या काही झालं तर आत कोणता गुडघा आहे, हे त्यावरूनच कळतं.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो. रेशन कार्ड आणि आधार कार्ड घेऊन त्याला भेटा. गुडघा बदलण्याची सोय कोणत्या रुग्णालयात आहे, मंजुरीला किती दिवस लागतात आणि कोणता इम्प्लांट मिळतो, हे विचारा. मंजुरी ऑपरेशनच्या आधी घ्यावी लागते. चौकशीसाठी १५५३८८ आणि १८००२३३२२०० हे क्रमांक आहेत.

धर्मादाय ट्रस्टच्या मोठ्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखाव्या लागतात. रेशन कार्ड किंवा तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला घेऊन तिथल्या समाजसेवा विभागात जा. ‘खाट नाही’ म्हणाले तर लेखी मागा आणि धर्मादाय आयुक्त कार्यालयात तक्रार करा.

डॉक्टरांना विचारायचे आठ प्रश्न

हे प्रश्न वहीत लिहून न्या. सोबत लिहिता-वाचता येणारं एक माणूस न्या.

१. माझी डेक्सा तपासणी झाली आहे का? टी-स्कोअर किती?
२. ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम ठीक आहे का? नसेल तर आधी भरून काढायचं का?
३. हे दुखणं सांध्याच्या झिजेचंच आहे ना? हाडाला तडा नाही ना?
४. गुडघा सिमेंटचा बसवणार का? नसेल तर माझ्या हाडात बिनसिमेंटचा का?
५. थाळीला दांडा लागेल का? त्याचा खर्च किती?
६. महागडा प्रकार सुचवत असाल, तर माझ्या हाडाला त्याचा नेमका फायदा काय?
७. हाडाचं औषध कोणतं, कधीपासून, किती वर्षं?
८. पूर्ण भार कधी टाकायचा आणि पुन्हा डेक्सा कधी करायचा?

चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही. उलट, हाडाबद्दल विचारणारा रुग्ण भेटला की त्याचं काम सोपं होतं. आणि सांगताना काही लपवू नका: मोडलेलं मनगट, काढलेलं गर्भाशय, पुड्यावाल्याच्या गोळ्या, मशेरी, सगळं सांगा.

या महिन्यात एक काम करा. घरातल्या पन्नाशीपुढच्या प्रत्येक बाईला विचारा: पाळी कधी गेली, कधी हाड मोडलं का, कोणत्या गोळ्या चालू आहेत? उत्तरं एका कागदावर लिहून तिच्या दवाखान्याच्या फायलीत ठेवा. गुडघा बदलायचा असो वा नसो, तो कागद लागणारच आहे.